चुना लावायला कबर नसलेले दादा

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला, बाळांनो, नव्वदच्या दशकातली एक नोव्हेंबरची सकाळ आठवते. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी आम्ही दोघी जावा कबरस्तानात घरच्या कबरींना चुना लावत होतो. धाकटी सायखेड्याच्या हिंदू शेतकरी घरातली, लग्नाआधी बाप्तिस्मा घेतलेली. तिचे वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, नुकतेच वारले होते, गोदेकाठी त्यांना अग्नी दिला होता. सासऱ्यांच्या कबरीवर कुंचा फिरवता फिरवता तिनं विचारलं, "ताई, आमचे दादा वर भेटतील ना मला?" मी संडे स्कूलची शिक्षिका, उत्तर तोंडपाठ होतं. म्हटलं, "त्यांचा बाप्तिस्मा कुठं झाला होता?" तिनं उरलेली कबर नीट रंगवली. दोन वर्षांनी ती कॅन्सरनं गेली. शेवटच्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब तिला स्वर्गातल्या घराविषयी वाचून दाखवू लागले, तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "तिथं माझं कोण हाय?" आता तिच्या कबरीला दरवर्षी मी चुना लावते आणि प्रार्थनेला उभी राहते, पण तिच्यासाठी स्वर्ग मागावा की तिचे दादा, हे मला अजून ठरवता येत नाही.