दादांच्या केबिनमधला चहा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. पंधरा वर्षं एचआरमध्ये काढलेल्या माणसाला घाबरायला जिवंत माणसंच पुरतात! त्यामुळे हे वाचून हसलात तरी चालेल... मीही हसलोच असतो.

कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीत आमची कंपनी आहे. पंपाचे सुटे भाग बनवतो, दीडएकशे माणसं. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच आहे. अडचण नेमकी तीच आहे.

आमच्याकडे राजीनामा कागदावर घेत नाहीत. कुणी सोडायचं म्हटलं की मालक – सगळे त्यांना दादा म्हणतात – त्याला केबिनमध्ये चहाला बसवतात. जाणारा माणूस, दादा आणि मी. पंधरा-वीस मिनिटांत माणूस बाहेर येतो आणि मुकाट्याने आपल्या मशीनवर जाऊन उभा राहतो. आजवर कुणी सोडून गेलेलं नाही. बाकीच्या कंपन्यांचे एचआरवाले मला विचारायचे, "काय जादू करता राव?" मी कॉलर ताठ करायचो. जादू वगैरे काही नव्हती, बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही, एवढंच.

गेल्या वर्षी लेथवरचा बाजीराव असाच चहाला बसला होता. त्याचे वडील शिरोळला अंथरुणाला खिळलेले. गावी जाऊन त्यांचं करायचं आणि चार म्हशी सांभाळायच्या, असं त्याचं ठरलं होतं. तोही थांबला.

यंदा पाळी माझी आली. बायकोची बदली नाशिकला झाली, सात वर्षांची आर्या तिच्याबरोबर गेली. मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या घरात मी एकटा. रोज संध्याकाळी फोनवर एकच प्रश्न – "बाबा, तू कधी येणार?" नाशिकला नोकरी मिळाली होती, पत्र हातात होतं. राजीनामा घेऊन मी दादांकडे गेलो.

"बसा हो साहेब, आधी चहा घ्या. पळून चाललाय व्हय?" दादा म्हणाले. मी कप उचलला...

पुढचं आठवतं ते एकदम माझं टेबल. समोर हजेरीचे कागद, जिभेवर आल्याची चव, खिशातला राजीनामा गायब. घड्याळात वीस मिनिटं गेलेली! बीपी असेल म्हणून तपासून घेतलं, सगळं नॉर्मल. आठवड्याने पुन्हा गेलो, पुन्हा तेच. ईमेल केला तर उत्तर आलं – "या चहाला."

तिसऱ्या वेळी दुपारी तीनला फोनचं रेकॉर्डिंग चालू करून खिशात ठेवलं आणि आत गेलो. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकलं. कपबशीचा आवाज, पंख्याची घरघर, आणि त्यावर फक्त माझा आवाज. अगदी शांत, समजूतदार. "घरात अडचण कुणाला नसते? जरा कळ काढायची. सगळं होतं व्यवस्थित." शेवटी थोडं थांबून, लाडिक स्वरात – "ऐकशील ना?"

दादांना मी कधी अरेतुरे केलेलं नाही.

तसाच उठून पुन्हा दादांच्या केबिनमध्ये गेलो. दादा म्हणाले, "मी एक शब्द बोललो न्हाय. बोलत तर तुम्हीच होता की! मी आपला चहा पीत बसलोतो."

शब्द ओळखीचे होते. हेच मी बाजीरावला ऐकवलं होतं. लेथवर जाऊन त्याला विचारलं, "चहाला बसलेलं आठवतंय?"

"चहा ग्वाड होता, तेवढं आठवतंय. बाकी काय न्हाय साहेब. पण बोलत तुम्हीच होता."

"अजून जायचं असेल तर जा. कागद मी करून देतो."

त्याने मशीन बंद केलं नाही. "आता कुठं जाऊ? म्हातारा गेला की. मी सेकंड शिफ्टला होतो तवा."

मला तिथे उभं राहवेना. संध्याकाळी घरी आल्या आल्या आर्याला फोन लावला. म्हटलं, काहीही होवो, तारीखच सांगून टाकू.

"असू दे बाबा," ती म्हणाली. "नको येऊस. दुपारी सांगितलंस की तू."

"काय सांगितलं?"

"घरात अडचण कुणाला नसते, जरा कळ काढायची. मी हो म्हटलं."

बायको म्हणाली, फोन सव्वातीनला आला होता. त्या वेळी माझा फोन खिशात रेकॉर्डिंग करत होता. कॉल लिस्टमध्ये तसा कॉलच नाही.

याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. डॉक्टर झाले, कुरुंदवाडच्या मामांनी अंगारा दिला, तोही झाला. नाशिकची नोकरी गेली. आर्या रोज बोलते – शाळा, मैत्रिणी, सगळं सांगते. "कधी येणार" हे मात्र तिने विचारणं सोडून दिलंय.

बाजीरावनेही चहानंतर सुट्टी मागणं असंच सोडून दिलं होतं. त्याच्या फाईलमध्ये मी तेव्हा माझ्या हाताने लिहिलं होतं – 'कर्मचारी समाधानी आहे.'