टाकीवरचा ससाणा

पोस्टमास्तरांना पक्ष्यांतलं कळतं, असं सगळं बेट म्हणायचं. त्यांच्या बायकोला कुणी विचारलं नव्हतं.

भर समुद्रातल्या त्या खडकावर शिकारी पक्षी राहत नाहीत. वाऱ्याने भरकटून वर्षा-दोन वर्षांतून एखादा येतो. आला, की पोस्टातल्या जाड वहीत त्याची नोंद व्हायची. नियम एकच: दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा, दोघांची नावं हवीत. वही मास्तरांच्या ताब्यात, तेव्हा पहिलं नाव कायम त्यांचं. मागच्या खेपेची घार बाईंनी हेरली, तेव्हा मास्तर दाढी करत होते. वहीत मात्र मास्तर आणि बोटवाला. त्याआधीचा गरुड म्हणजे खांबाला अडकलेली ताडपत्री होती; तीही वहीत सुवाच्य अक्षरात नांदत होती. या खेपेला आपलं नाव लागलंच पाहिजे, हे बाईंनी घारीच्या दिवशीच ठरवलं होतं.

त्या सकाळी कपडे वाळत घालताना पाण्याच्या टाकीवर ससाणा दिसला. पाठ निळसर करडी, गालावर काळी मिशी. पायाखाली एक समुद्रपक्षी दाबून तो निवांत पिसं उपटत होता.

"अहो, टाकीवर बहिरी ससाणा बसलाय."

"कावळा असेल," मास्तर पेपराआडून म्हणाले. पेपर नऊ दिवसांचा शिळा.

"आपल्या बेटावर कावळा कुठून आला?"

"मग बगळा असेल. अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

बाईंनी वाद घातला नाही. शेजारच्या दवाखान्यातून नर्सबाईंना हाताला धरून आणलं. दोघींनी भिंतीआडून पोटभर पाहिलं.

"मास्तरांना हाक मारू?" नर्सबाई कुजबुजल्या.

"कशाला? त्यांना बगळा दिसलाय की घरातूनच."

ससाणा उडून गेल्यावर मास्तर टोपी घालून, दुर्बीण घेऊन बाहेर आले. रिकाम्या टाकीकडे त्यांनी बराच वेळ अधिकाराने पाहिलं. मग पोस्टात जाऊन वही उघडली. दोघी मागोमाग गेल्याच.

"तर मी आणि नर्सबाई," मास्तरांनी पेन उचललं.

"तुम्ही काय पाहिलंत?"

"पिसं उडत होती ना."

"पिसं उशीतूनही उडतात," नर्सबाई म्हणाल्या.

मास्तर हसले. "अगं, नवरा-बायकोचं नाव काय वेगळं असतं?"

"नसतं ना? मग माझं चालेल," म्हणत बाईंनी त्यांच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं, ताडपत्रीपेक्षा ठळक.