आत्याची इस्त्री

आमच्या आत्याच्या लेखी सगळे जंतू सारखेच. सर्दी असो, जुलाब असोत की पायाचं गळू, कुणाच्या तरी मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या तिच्या डब्यात असतात, त्यातली एक घ्यायची. मी कुंभकोणमच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. व्हायरस, बॅक्टेरिया, बुरशी, परजीवी, ज्याचं त्याचं औषध निराळं, हे दरवर्षी पोरांच्या गळी उतरवते. घरात मला कोण विचारतो?

गेल्या दिवाळीत तिच्या कमरेवर गोल, खाजरा चट्टा उठला. आमच्या या दक्षिणेकडच्या गावात पाऊस ऐन दिवाळीतच धो धो पडतो, ऊन म्हणून दिसत नाही. आत्या स्वयंपाक सोवळ्यात करते. धुतलेलं लुगडं कुणाचा हात न लागता काठीने वलणीवर टाकायचं आणि सकाळी तेच नेसायचं, मग ते वाळलेलं असो वा नसो. त्या पावसात ते रोज ओलंच असे.

आधी तिने बाबांच्या घशासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या कॅप्सूल गिळल्या. मी म्हटलं, ही बुरशी आहे, त्या कॅप्सूल बॅक्टेरियाच्या, हिला ढिम्म काही होणार नाही. झालंही नाही. मग शेजारणीकडून एक मलम आलं. खाज लगेच थांबली आणि आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी डिग्री पाण्यात गेली. थोड्याच दिवसांत चट्टा परतला, तळहाताएवढा होऊन. मलमात स्टेरॉइड होतं. ते खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं.

तरी बाई डॉक्टरकडे जाईनात. गेल्या त्या माझ्या मुलीमुळे. ही पोर पहिलीत आहे, रोज आत्याच्या कुशीत गोष्ट ऐकत झोपते. तिच्या दंडावर तसाच चट्टा उठला आणि आत्याचा चेहरा उतरला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दोघींची कातडी जराशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशीच होती. मुलीला नुसतं मलम, आत्याला मलम आणि गोळ्याही; आणि चट्टा गेला तरी सांगितलं तितके दिवस औषध सोडायचं नाही. टॉवेल वेगळे, अंथरुणं वेगळी. ओलं कापड अंगाला लावायचं नाही, गरम इस्त्री फिरवूनच नेसायचं. आत्याने सगळं कबूल केलं, एक इस्त्री सोडून. घरात इस्त्री नव्हती, आणि इस्त्रीवाल्याने हात लावलेलं लुगडं सोवळ्यात चालणार कसं?

माझं डोकंच फिरलं. ओलं लुगडं सुटलं नाही तर हिचा चट्टा जाणार नाही, आणि तो गेला नाही तर पोर हिच्यापाशी झोपणार नाही. एवढी साधी गोष्ट होती. मी तिची लोणच्याची बरणी उघडली आणि नळाखाली धरलेला चमचा आत घालू लागले.

"वला चमचा नोको," ती म्हणाली. "बूर येईल."

"बुरशी येईल ना? मग ओलं लुगडं?"

तिने बरणी माझ्याकडून घेऊन झाकण घट्ट लावलं. मग हळूच म्हणाली, "पोर माझ्याकडं केंव्हा निजायला येईल?"

दुसऱ्याच दिवशी घरात नवी इस्त्री आली. आत्याचा निवाडा असा, की इस्त्रीत अग्नी आहे आणि अग्नीला विटाळ नसतो. ती विजेवर चालते, असं बाबांनी सुचवून पाहिलं. तिने ऐकलं नाही. इस्त्रीला देवघराशेजारी कोनाडा मिळाला आणि तिला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही असं ठरलं. बाबांचे सदरे अजून इस्त्रीवाल्याकडेच जातात.

पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंनी दोघींना मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर उठली ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपुढच्या आत्याला मिठी मारून बसली. आत्या पूर्ण सोवळ्यात. आता ओरडा, मग पुन्हा अंघोळ, म्हणून मी धावले.

"ऱ्हाऊं दे," आत्या म्हणाली. "लुगड्याला पुन्हा इस्त्री करीन."

पोर तिला सोडेना, आणि त्या दिवशी भात खाली लागला. आम्ही तो मुकाट्याने खाल्ला.