पार्लरची तिसरी कर्मचारी

"काय गं, तुझी भाची मुकी आहे का?"

मावशीच्या दातांत दोरा होता आणि गिऱ्हाईक म्हणून आलेल्या काकूंची एक भुवई अजून अर्धी व्हायची होती, त्यामुळे उत्तर लगेच आलं नाही. मी पडद्याच्या अलीकडे लॅपटॉप घेऊन बसले होते. उत्तराची मलाही उत्सुकता होती.

मावशीने दोरा काढला. "मुकी कशाला असंल वहिनी? इंग्लिश मीडियमची आहे."

"मग फोन उचलून गप का बसती? मी हॅलो हॅलो करतेय अन् ही नुसता श्वास घेतेय."

हे खरं होतं. पार्लरचा फोन माझ्याकडे असे. "पावणेदोनला येऊ का?" असं कुणी विचारलं की मला आधी मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करावं लागे. तोवर समोरची बाई "लागत नाय वाटतं" म्हणून फोन ठेवून देई.

काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. दुसरी भुवई होईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. पोरी म्हणतात, जालना रोडच्या त्या काचेच्या पार्लरला जाऊ. पण काकूंनी ठरवलं होतं की आदल्या दिवशी नवरीला इथं आणायचं, आणि काम पसंत पडलं तर लग्नातल्या सगळ्या बायका मावशीकडे. पाण्याची चिंता नव्हती. "लग्नघर आहे बाई. टँकर दारातच उभा करणारे."

मावशीचं पार्लर सिडकोत, तिच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. शहर वाढत होतं आणि पाणी कमी होत होतं. त्या उन्हाळ्यात नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी यायचं, तेही पहाटे. जालना रोडच्या पार्लरला स्वतःचा बोअर होता, एसी होता आणि ऑनलाइन बुकिंग होतं. मावशीची निम्मी गिऱ्हाइकं तिकडं गेली होती. बोअर आणि एसी आपल्या हातात नव्हते. बुकिंग माझ्या हातात दिलं गेलं, कारण मी कम्प्युटर शिकत होते आणि सुट्टीत रिकामी होते. मीही लगेच हो म्हटलं. बुकिंग वेबसाइटवर गेलं की फोन वाजणार नव्हता.

वेबसाइट एका दिवसात झाली. अडलं ते प्लगइनपाशी. प्लगइन म्हणजे वेबसाइटला वरून जोडायचं तयार सॉफ्टवेअर. आपण फक्त निवडायचं, असं म्हणतात. पहिलं निवडलं ते लोकांनी दिलेल्या चांदण्या बघून. भरपूर चांदण्या होत्या. ते अमेरिकेच्या वेळेवर चालत होतं. सकाळी साडेदहाचं बुकिंग केलेल्या एका बाईंना त्याने रात्री बोलावलं.

दुसऱ्याला सगळ्या सुट्ट्या माहीत होत्या. नाताळ, ईस्टर, आणि एक टर्की खायची सुट्टी. पण आमचं पार्लर वारांवर चालत नव्हतं, पाण्यावर चालत होतं. हौद भरलेला असेल तर केस धुणं, फेशियल, पेडिक्युअर. रिकामा असेल तर आयब्रो आणि मेंदी. असं कुठल्याच प्लगइनला सांगता येत नव्हतं. एकाच्या मदत केंद्राला मी इंग्रजीत व्यवस्थित पत्र लिहिलं. त्यांनी विचारलं, तुमच्या भागातला पाणीपुरवठा पूर्ववत कधी होईल?

तिसऱ्यात कर्मचारी नोंदवायची सोय होती. प्रत्येकाचं काम वेगळं, हजेरी वेगळी, रजा वेगळी. फुकटच्या आवृत्तीत तीन जागा होत्या. एकीत मावशी, दुसरीत बजाजनगरहून कामाला येणारी ताई. तिसरी जागा मी दोन दिवस रिकामी ठेवली. मग तिथे लिहिलं: पाणी. फोटो सक्तीचा होता, म्हणून हौदाचा टाकला. ईमेल माझा दिला. कामं नेमून दिली. ज्या दिवशी नळ येईल तिथून तीन दिवस हजर, नंतर रजा.

ते चाललं. इतर दोघींपेक्षा चांगलं चाललं. हजेरीच्या दिवशी सकाळी मला इंग्रजीत मेल येई: शुभ प्रभात पाणी, आज तुमच्याकडे चार ग्राहक आहेत, हसतमुख राहा.

गिऱ्हाइकं चौकशी करायला लागली.

"नवीन मुलगी ठेवली का गं? हात कसा आहे तिचा?"

"हात थंड आहे," मावशी म्हणाली. "पण रोज येत नाय. आली तर पहाटे चारला येती."

"एवढ्या लवकर? मग पगार लई घेत असंल."

"टँकरनं आली तर घेती," ताई मागून म्हणाली.

काकूंनी नवरीचं बुकिंग वेबसाइटवरूनच केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी १.४५ला नवरी आणि दोन मावसबहिणी. केस, फेशियल, पेडिक्युअर. तिन्ही कामं पाण्याकडे. मी बघितलं, त्या दिवशी नळाची पाळी होती, म्हणजे पाणी हजर होतं.

त्या दिवशी पहाटे नळ आला नाही. जायकवाडीहून येणारी लाइन कुठेतरी फुटली होती. हौदात तळ दिसत होता. ताईने टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आज नाय जमणार, लग्नसराई आहे, गाड्या सगळ्या लग्नघरी.

मी पाण्याच्या नावापुढे रजा टाकली. प्लगइनने लगेच चौकट उघडली. 'आपली कर्मचारी उपलब्ध नाही. तिन्ही ग्राहकांना दिलगिरीचा संदेश पाठवून दुसरी तारीख निवडायला सांगू का?' खाली 'हो' हे बटण हिरवं आणि मोठं होतं. 'नाही' शोधावं लागलं.

लग्नाला दुसरी तारीख निवडता येत नाही. शिवाय मेल काकूंनी मुलाचा दिला होता आणि मुलगा पुण्याला होता. त्याने वाचलाच तर नवरी जालना रोडला जाणार, तिच्यामागून लग्नातल्या सगळ्या बायका, आणि मग त्यांच्या ओळखीच्या. न वाचला तर तिघी दुपारी केस सोडून दारात उभ्या राहणार. मी प्लगइनमध्ये तिसरा पर्याय शोधला. मदतीच्या पानावर 'कर्मचारी अचानक न आल्यास' असा एक मुद्दा होता. त्यात लिहिलं होतं: ग्राहकाशी प्रत्यक्ष बोला.

मी पडदा बाजूला केला. मावशी कुणाच्या तरी आयब्रो करत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने दोरा सोडला नाही. आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्वतःच्या दोन्ही भुवया वर केल्या.

काय बोलायचं ते मी आधी लॅपटॉपवर टाइप केलं. मग नंबर लावला.

"हॅलो?" मागे भांड्यांचा, बायकांचा आणि पाणी ओढणाऱ्या मोटारीचा आवाज होता. "हॅलो, कोण? ...हॅलो? अगं, ती पार्लरवाली मुकी दिसतेय. ठेवते गं मी."

"काकू, ठेवू नका," मी म्हणाले. "आज आमच्याकडे पाणी आलेलं नाही. तुमच्या दारात टँकर उभा आहे ना? पावणेदोनला येताना चार कॅन भरून आणा. बाकी सगळं आहे."