काकांनी जगवलेले अमीबा

म्हात्रे काकांनी माझी चूक आठ महिने स्वतःच्या अंगावर घेतली होती.

काल दुपारी काका गेले. बोनकोड्यातल्या घरी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्रास झाला नाही, हे ऐकून खरंच हायसं वाटलं.

नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात पीएचडी करत होते. काका आमचे लॅब अटेंडंट.

माझं काम अमीबांवर. काचेच्या बशांत वाढवायचे, खाद्य द्यायचं, पाणी बदलायचं.

एकदा घाईत मी निर्जंतुक न केलेलं पाणी वापरलं.

काही दिवसांत बशा गढूळ. कसलेतरी बॅक्टेरिया अमीबांच्या आत शिरले होते आणि अमीबा पटापट मरत होते.

दोन वर्षांचं काम!

मी रडत रडत सगळं फेकायला निघाले. काकांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"टाकतंस कशाला गो? थोरं जितं हान." खरंच, थोडे अमीबा अजून जिवंत होते.

तेवढ्यात माझे पीएचडीचे गाईड सर आले. "कुणी केलं हे?"



"पानी मीच दिलंता, सर," काका म्हणाले.

सर त्यांना सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. मी गप्प.

उरलेले अमीबा आम्ही दोघांनी जपले. काका रविवारीसुद्धा सायकलवर यायचे. अमीबा हळूहळू सावरले, वाढायला लागले. बॅक्टेरिया मात्र आत तसेच.

आठ महिन्यांनी सर म्हणाले, "अँटिबायोटिक देऊन बॅक्टेरिया मारून बघू."

दोन बशांना दिलं. बॅक्टेरिया मेले.

पाठोपाठ अमीबाही मेले!

ज्यांना कधीच लागण झाली नव्हती, अशा दुसरीकडून आणलेल्या अमीबांना तेच औषध दिलं. ते मजेत.

म्हणजे ज्यांच्यामुळे आमचे अमीबा मरत होते, त्यांच्याशिवाय त्यांना आता जगताच येत नव्हतं.

"अगं, हा तर तुझ्या विषयापेक्षा भारी विषय आहे!" सर नाचायचे बाकी होते.

मला राहवेना. "सर, ते पाणी मी वापरलं होतं. काकांनी नाही."

सर एकदम थांबले. "चल," एवढंच म्हणाले.

काका बेसिनपाशी बशा धूत होते. सरांनी हात जोडले. "म्हात्रे, माझं चुकलं."

मला तर रडूच फुटलं.

काकांनी हात पुसले. "सांगितलास ना? मंग झाला. आता जेवाला जा. कवापासून नीट जेवली नाय तू."

त्या दिवशी जुईनगरला घरी जाऊन मी चार भाकऱ्या खाल्ल्या. आई बघतच राहिली.

काका, तुमचे उपकार मोठे. शांत झोपा.