खिडकीखालची भिंत

आमचं घर बांधायचं ठरलं तेव्हा ओळखीच्या लोकांना सगळ्यात नवल वाटलं ते नकाशाचं. तोवर बेळगावात घर म्हणजे गवंडी आणि सुतार यांनी जागेवर उभं राहून, काठीनं मातीत रेघा ओढून ठरवायची गोष्ट. पण गावाबाहेर नवे प्लॉट पडले आणि म्युनिसिपालटी नकाशा मागू लागली. म्हणून आप्पा, म्हणजे आमचे वडील, मुंबईत शिकून आलेल्या एका तरुण आर्किटेक्टकडे गेले. खडेबाजारात आमच्या कापडदुकानाशेजारी एक भांडीवाला होता. तो रोज विचारायचा, "काय आप्पा, कागदात राहायला कधी जाणार?"

"ये की वास्तुशांतीला," आप्पा म्हणायचे. "तुला पत्रावळ बी कागदाचीच वाढतो."

आर्किटेक्टकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बरोबर होतो. त्यानं किती खोल्या, देवघर कुठं, असं काहीबाही विचारलं. आप्पांनी सगळी उत्तरं दिली आणि मग खुर्ची जरा पुढं ओढली.

"साहेब, मला दोन पोरं. आज एका ताटात जेवतात. उद्याचं मी काय सांगू? घर असं काढा, की मधे शिवण राहू दे. वेळ आली तर उसवता यावं. टरकावायला लागू नये."

उचगावातलं त्यांच्या चुलत्यांचं घर वाटणीत दोन झालं होतं. भिंत नेमकी देवघरातून गेली, तुळई मधोमध कापली गेली आणि पुढच्या पावसात दोन्हीकडचं छप्पर खाली आलं. आप्पा ते विसरले नव्हते.

आर्किटेक्टची पेन्सिल थांबली. मग त्याचा चेहरा उजळला. असं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. त्यानं जो नकाशा काढला त्यात वरवर काही वेगळं दिसत नव्हतं. समोर एक दार, डावीकडं एक खिडकी, उजवीकडं एक खिडकी. पण उजव्या खिडकीवरची तुळई दारासाठी असते तशी दणकट होती आणि खिडकीखालचे जांभ्याचे चिरे चुन्यात न बसवता नुसत्या मातीत बसवायचे होते. मागच्या कोठीच्या खोलीला, पुढं कधी तिथं दुसरी चूल मांडता यावी म्हणून, धुराड्याचं भोक ठेवून वर फरशी टाकायची होती. मधल्या बोळात एक भिंत घातली की घराची दोन घरं.

परत येताना टांग्यात आप्पा म्हणाले, "धाकट्याला सांगू नको."

"मग मला कशाला सांगितलं?"

"थोरला हाईस. कुणाला तरी ठाऊक पायजे. डावी, विहिरीकडची बाजू तुझी."

एवढंच. पण त्या टांग्यातून मी उतरलो तो आधीसारखा उतरलो नाही.

धाकटा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होता. शनिवारी संध्याकाळच्या मोटारीनं यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. त्याची बायको-मुलं आमच्यात असायची. स्वयंपाक एक, पंगत एक, खर्च एक. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. मलाही वाटायचं की मी काही करत नाही. पण पावसाआधी कौलं परतायला माणसं आली की मी त्यांना विहिरीच्या बाजूनं सुरुवात करायला लावायचो. उजवीकडं पोचेपर्यंत चांगली कौलं संपलेली असायची. चुन्याचा दुसरा हात डावीकडच्या भिंतींना बसायचा. चिकूचं रोप आणलं तेव्हा ते कुठं लावू असा प्रश्नच मला पडला नाही. धाकट्याची बायको माझ्या बायकोला म्हणायची, "आक्का, आमच्या खोलीत पुन्हा ठिबकतंय बघा." मी ऐकायचो आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचो. खोटं बोलत होतो असं नाही. मला खरंच पुढच्या वर्षी बघायचं होतं.

आप्पा गेले. मागोमाग लढाई आली. कॅम्पात पलटणी वाढल्या, कचेऱ्या वाढल्या आणि गावात खोली मिळेनाशी झाली. लोक गोठे सारवून भाड्यानं देऊ लागले. मिलिटरी कचेरीतला एक गृहस्थ आमचं घर बघून गेला. बिऱ्हाड सभ्य होतं, भाडं चांगलं होतं, त्याला फक्त स्वतंत्र दार हवं होतं. मी म्हणालो, "दार आहे." हे वाक्य तोंडातून इतक्या सहज निघालं की माझं मलाच चमकायला झालं.

धाकट्याला विचारायला हवं होतं. मी ठरवलं, काम करून घेऊ आणि मग सांगू. दोन खोल्या जातील, पण सगळे मिळून डावीकडं राहू. गवंड्याला बुधवारी बोलावलं. तो आला शनिवारी.

संध्याकाळी धाकटा पिशवी घेऊन फाटकातून आत आला तेव्हा गवंडी उकिडवा बसून चिरे काढत होता.

"मालक, बांधलं कुणी हे?" गवंडी मला विचारत होता. "चुन्याचं नाव न्हाय. पाव कापल्यागत निघतंय."

"फुटला न्हाय एक बी?" धाकट्यानं मागून विचारलं.

"फुटतोय कशाला? काढायलाच बसवलाय की."

धाकट्यानं वरची तुळई बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"तुला ठाऊक होतं, अण्णा?"

"व्हय."

"आप्पांनी सांगितलं?"

"व्हय."

"आणि ही बाजू माझी?"

मी मान हलवली. तो हसला. मनापासून हसला. "म्हातारा लई हुशार गा!" म्हणाला. मग त्या उघड्या भगदाडातून त्याची नजर आत गेली. खोलीच्या भिंतीवर वरून खालपर्यंत ओलीचे डाग होते. त्यानं आत जाऊन एका डागावर तळहात टेकवला.

"म्हणून ह्या बाजूला..." तो म्हणाला, आणि तिथंच थांबला. मी पुढचं ऐकायला उभा होतो. तो तळहात झटकून पोरांना हाक मारत आत गेला.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. महिन्याभरात त्यानं निपाणीत वखारीच्या माडीवर बिऱ्हाड केलं. उजवीकडं भाडेकरू आला. त्याचं भाडं मी निपाणीला पाठवायचो, धाकटा पोच द्यायचा. त्यात कधी चूक झाली नाही.

मध्यंतरी खडेबाजारात आर्किटेक्ट भेटला. आता त्याचा चांगला जम बसला होता.

"तुमच्या वडलांची ती खिडकी?"

"उघडली."

"तडा गेला कुठं?"

"नाही."

तो खूष झाला. "कोर्टकचेरी न होता घर दोन झालं. हल्ली दोन मुलगे म्हटलं की मी न विचारताच तशी खिडकी काढतो."

"काढा," मी म्हणालो. "पण सांगाल तेव्हा दोघांना सांगा."

"ते घरच्यांनी बघायचं," तो म्हणाला. ते खरंच होतं. त्याच्या भिंतीला तडा नव्हता.

लढाई संपल्यावर भाडेकरू गेला. उजवीकडची कौलं मी नवी घातली. भिंतींना चुन्याचे दोन हात दिले, तिसराही दिला. मग निपाणीला कळवलं, की घर रिकामं आहे, या. धाकटा दिवाळीत आला, एकटाच. मी सकाळपासून दोन्ही दारं सताड उघडी ठेवली होती. फाटक वाजलं. पावलं अंगणात आली आणि थांबली. आत बसून मी कान देऊन राहिलो, कुठल्या दाराकडं वळतात ते कळावं म्हणून. वळली नाहीत.

"अण्णा, हाईस काय रं?" बाहेरूनच हाक आली.

मी बाहेर गेलो. विहिरीच्या कट्ट्यावर बस म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला. "उभाच बरा."