आमचुराचा चहा

तापीपासून सातपुड्यापर्यंतच्या टापूत चहाचा जेवढा छळ आमच्या मामेसासऱ्यांनी केला, तेवढा दुसऱ्या कोणी केला नसेल. तळोद्याच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. मी लग्न होऊन त्यांच्याच घरात गेले ती पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा गावात चहा म्हणजे दूध, गूळ आणि भुकटी एकत्र उकळून केलेलं दाट काहीतरी. मामा मात्र पानाचा चहा मागवायचे आणि त्यात आमचूर घालायचे. आमचूर म्हणजे आमच्याकडे पूड नव्हे. सातपुड्यातली माणसं कैरीच्या वाळवलेल्या फोडी पाट्या भरून बाजाराला आणतात, ते. त्यातली एक फोड, दालचिनीचा तुकडा, लवंग, सुंठ, संत्र्याची वाळकी साल. गूळ चवीपुरता. दुधाचं नाव काढायचं नाही.

हा चहा होत असताना मामांशी बोललेलं चालत नसे. गिऱ्हाईक मिठासाठी हाका मारून मारून शेजारच्या दुकानात जायचं, पण मामा पातेल्यावरून मान वर करत नसत. हिंगाचा आणि घासलेटचा वास लागू नये म्हणून चहाचा डबा देवघरात, बाळकृष्णाला खेटून ठेवलेला. पिणाऱ्याने आधी चूळ भरायची. बिडी ओढून आलेल्याला थेट विहिरीवर पाठवायचे. एकदा तापीकाठचे एक केळीवाले पटेल आले. त्यांनी आतून दूध मागून घेतलं आणि मामा "नको, नको" म्हणेपर्यंत कपात ओतलंही. दूध फाटलं. पटेल कपाकडे बघत म्हणाले, "मामा, हाई ते ताक व्हई गयं!"

"ताक नही, खून शे खून! चहाना खून!" मामा कडाडले, आणि त्या दिवसानंतर पटेलांना आमच्याकडे फक्त पाणी मिळे.

कप हातात दिला की मामा समोर बसून विचारायचे, "कसा शे?" तोंडावर भाव असा, की जणू परीक्षेचा निकाल लागतोय. सगळे घाईने "फक्कड" म्हणायचे. मीही म्हणायचे; घरातली कामं पडलेली असायची. पण आमच्या म्हणण्याला मामांच्या लेखी किंमत नव्हती. त्यांना हवं होतं ते मामींचं. मामींची जीभ गावात प्रसिद्ध. तेलाचं बोट नुसतं जिभेला लावून शेंगदाणा जुना की नवा ते सांगायच्या. त्या रोज पूर्ण कप संपवायच्या, पदराने ओठ टिपायच्या आणि म्हणायच्या, "काढा बरा शे."

"काढा? चहा शे तो!"

"मंग चहा करा ना."

झालं. दुसऱ्या दिवशी लवंग कमी, सुंठ जास्त. तिसऱ्या दिवशी फोड भाजून. वर्षांमागून वर्षं गेली, माझी मुलं शाळेत जायला लागली, पण "चांगला" हा शब्द काही मामींच्या तोंडून निघाला नाही. मला तर हे सगळं सरपणाची नासाडी वाटायची.

मग ती दोघं काशीला गेली. नंदुरबारच्या स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो, तेव्हाही मामांच्या वळकटीत चहाची पुडी होती. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेत सोडायची असते, पुन्हा आयुष्यात तोंडात घालायची नाही. मामांनी कारलं सोडलं. ते त्यांनी जन्मात कधी खाल्लं नव्हतं. परत आल्यावर मावंद्याच्या पंगतीत हे त्यांनी सगळ्यांना हसत हसत सांगितलं.

पंगती उठल्या आणि त्यांनी चहा टाकला. पहिला कप नेहमीप्रमाणे मामींपुढे ठेवला. मामींनी तो हळूच बाजूला सरकवला.

"मी तो गंगामा सोडी उनू."

मामांचा चेहरा पडला. मग उसनं हसून म्हणाले, "सुटनी म्हन की तू."

"तुम्ही कारलं सोडं. माले तसं जमनं नही. जे आवडस तेच सोडनं पडस ना."

मामांनी सरकवलेला कप स्वतःपुढे ओढला. मग म्हणाले, "मंग इतला साल सांगं का नही?"

"चांगला शे म्हनी टाकं का, मंग उद्या कोन ईचारी माले?"

भटजींना विचारून यातून काही वाट काढता येईल, असं मी मामींना दोनदा सुचवून पाहिलं. त्यांनी मान हलवली. देवाशी कसली घासाघीस करायची, म्हणाल्या.

मामा त्यानंतरही रोज चहा करत, पण "कसा शे?" असं त्यांनी पुन्हा कोणालाच विचारलं नाही. आमचूर, लवंग, सुंठ, काही बदललं नाही. काशीच्या आधीच्या दिवशी जसा केला होता तसाच कायम. पहिला कप मामींच्या हातात देत. मामींनी पिणं सोडलं होतं, हातात धरणं सोडलं नव्हतं. मामी तो दोन्ही हातांत धरून बसत, वाफ चेहऱ्यावर घेत, आणि निवला की मामांना परत देत. निवलेला चहा मामा पिऊन टाकत.

आता दोघंही नाहीत. आमचूर मी अजून बाजारातून आणते, ते आमटीत जातं. चहा दुधाचा करते. घरातले पितात, कप ठेवतात, कामाला जातात. कसा झालाय ते कोणी सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.